कॅनबेराच्या पंखाखाली फोड आलेत. झिंक रॉट की ओल?

चिखलीचा १:७२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्या कॅनबेराच्या, म्हणजे त्या नावाच्या बॉम्बफेकी विमानाच्या १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) धातूच्या मॉडेलच्या, डाव्या पंखाखाली, इंजिनाच्या फुगवट्याला लागून, रंगाला फोड आलेत. मोठा फोड मुगाच्या डाळीएवढा, त्याच्या मागे तीन-चार मोहरीएवढे. मोठ्याच्या कडेला केसासारखी चीर आहे आणि टूथपिकने हलकंच टोकलं तर आतून पांढरी भुकटी येते. हा झिंक रॉट (जस्ताचा मिश्रधातू आतून फुटत जाण्याचा रोग) असेल तर मॉडेल गेलंच, हे मला ठाऊक आहे. पण तसं नसेल तर ते वाचवायचं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोड मला दिसले नाहीत, बाबांच्या हाताला लागले. बाबा सत्तरीपलीकडचे, काचबिंदूने नजर बरीच गेलेली. रोज संध्याकाळी चहा झाला की ते बाल्कांवात (घरापुढच्या व्हरांड्यात) बसतात आणि मी कॅनबेरा काढून त्यांच्या हातात देतो. दोन्ही हातांनी दोन पंख धरायचे, अंगठे वर, बोटं खाली, आणि डाव्या हाताची बोटं पंखाखालून पुढे-मागे फिरवत राहायची. हे गेली सहा वर्षं चाललंय. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर आठवडाभरात एका संध्याकाळी त्यांचा हात थांबला. म्हणाले, "हांगा कितें तरी खडबडीत लागता रे." मी टॉर्च घेऊन पाहिलं आणि पोटात खड्डा पडला.

आमच्या घरात या विमानाची गोष्ट मॉडेलच्या कितीतरी आधीपासून आहे. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली डाबोळीच्या विमानतळावर आल्या आणि त्यांनी धावपट्टी फोडली. नंतर ८ कॅनबेरांची दुसरी तुकडी आली. टर्मिनल आणि इतर इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता. आजी तेव्हा याच घरात होती. ती सांगायची की आवाज आला तेव्हा ती चुलीवरची पेज ढवळत होती आणि कौलांतली माती पेजेत पडली. पेज फेकून द्यायची तिची तयारी नव्हती. वरची तेवढी काढली आणि खालची पोरांना वाढली. विमान तिने पाहिलंच नाही. तिच्या १९६१ मध्ये पोर्तुगीज नव्हते, सैन्यही नव्हतं, पेजेतली माती होती. बाबा मात्र परसात धावले. सात वर्षांचे होते. रुंद पंख आणि पंखांच्या पोटातली दोन इंजिनं त्यांनी पाहिली, आणि मॉडेल हातात घेतलं की अजूनही त्यांची बोटं आधी इंजिनांकडेच जातात.

माझ्या संग्रहात २३ विमानं आहेत आणि त्याला नियम एकच: गोव्याच्या आभाळाशी किंवा आपल्या वैमानिकांशी ज्याचा संबंध आला, तेच घ्यायचं. म्हणून माझ्याकडे मस्टँग नाही, मेसरश्मिट नाही. हरिकेन आहे, कारण ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या स्क्वॉड्रननी ते उडवलं. स्पिटफायर आहे ते आग्नेय आशिया कमांडच्या खुणांचं. त्याच्या गोलातला तांबडा रंग काढून टाकलेला असतो, जपानी विमानाच्या तांबड्या गोलाशी गफलत होऊ नये म्हणून. या एका बारकाव्यासाठी मी ते मॉडेल दोन वर्षं शोधत होतो. हंटर आहे, कारण त्याच कारवाईत बांबोळीचं रेडिओ केंद्र हंटरांनी उद्ध्वस्त केलं. सी हॅरियर आहे, कारण १९८३ च्या डिसेंबरात ती डाबोळीला आली आणि माझं सगळं शिक्षण तिच्या आवाजाखाली झालं. ती वरून जायला लागली की मास्तर वाक्य अर्धवट ठेवून खडू हातात धरून थांबायचे आणि आवाज विरला की पुढचा शब्द उच्चारायचे.

पहिलं मॉडेल, हरिकेन, शेजारच्या तारवटी (जहाजावर काम करणाऱ्या) अंकलनी इंग्लंडच्या बंदरातून आणून दिलं होतं. कॅनबेरा मी स्वतः परदेशातल्या विक्रेत्याकडून जुनी घेतली. पंखाचा पसारा २७ सेंटीमीटर, त्यामुळे शेल्फावर तिला स्वतंत्र कप्पा लागतो. २०२० साली खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० वरून ६० टक्क्यांवर गेली तेव्हापासून बाहेरून मागवणं मला झेपत नाही. ही गेली तर दुसरी येणार नाही, हे एवढ्यासाठी सांगतो.

आता ठेवण्याबद्दल. गेल्या मे महिन्यात मेस्ताकडून (सुताराकडून) प्लायवूडचं नवं शोकेस करून घेतलं. पुढे सरकती काच, मागची बाजू पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली. पावसात ती भिंत पाझरते. प्रत्येक मॉडेलखाली मऊ स्पंजाची पट्टी ठेवली आहे आणि झुरळं नकोत म्हणून कोपऱ्यांत डांबरगोळ्या. पावसाळाभर काच घट्ट बंद होती, कारण मला वाटलं ओली हवा आत जायला नको.

दोन प्रश्न आहेत. हा झिंक रॉट आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि रंग काढावाच लागला, तर ब्रिटिश खुणांऐवजी भारतीय हवाई दलाच्या खुणा देऊन ती डाबोळीवर आलेली कॅनबेरा करता येईल का? बाबांना रंग दिसणार नाही. पण मला ते करायचं आहे.

पुण्याचा स्केलवेडा

दादा, आधी घाबरू नका. पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज, वरवरचाही असू शकतो. कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावून पुसा, भुकटी लगेच विरघळते. मी जुन्या मोटारींच्या मॉडेलवर करून पाहिलंय. आणि रंग काढायचाच असेल तर भारतीय खुणा जरूर द्या. तिरंगी गोलाची डेकल्स (चिकटवायच्या छापील खुणा) १:७२ मध्ये मिळतात. आजींची गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

फोंड्याची रसायनवाली

व्हिनेगर अजिबात लावू नका. भुकटी विरघळते हे खरं आहे, पण ॲसिटिक आम्ल तिथेच थांबत नाही, खालचं जस्तही खातं. आणि चिरेत शिरलेलं आम्ल पुसून निघत नाही. आज पंख स्वच्छ दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात फोड दुप्पट होतील. मी शाळेत रसायन शिकवते आणि माझ्या भावाची डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) विमानं गेली दहा वर्षं मीच सांभाळते आहे, तेव्हा थोडं अधिकाराने सांगते.

ज्या मिश्रधातूत ही मॉडेलं ओततात त्याला झमॅक म्हणतात. त्यात जस्त जवळजवळ ९६ टक्के, ॲल्युमिनियम ४ टक्के आणि मॅग्नेशियम किंवा तांबं अगदी चिमूटभर. झिंक रॉट होतो तो या धातूत शिसं मिसळलं गेलं तर. ओतताना भट्टीत शिशाचा अंश गेला की तो जस्ताच्या कणाकणांमधल्या सीमांवर जाऊन बसतो आणि तिथून धातू आतून फुटायला लागतो. दमट हवेत आणि उष्णतेत हे वेगाने होतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी खेळण्यांत हा रोग सर्रास सापडतो, कारण तेव्हा जस्ताच्या शुद्धतेवर आजच्याइतका काटेकोर ताबा नव्हता. नंतरच्या मॉडेलांत तो क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, म्हणून तपासायला हवं.

तपासायची रीत सोपी आहे. झिंक रॉट झालेला धातू फुगतो. म्हणून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घ्या आणि फोड नसलेल्या जागी डाव्या पंखाची जाडी मोजा. उजव्या पंखावर अगदी तीच जागा धरून तिथली जाडी मोजा. मग मधल्या अंगापासून टोकापर्यंत दोन्ही पंखांची लांबी. डावा पंख जाड किंवा लांब भरला, किंवा वाकल्यासारखा दिसला, तर वाईट बातमी. त्यानंतर स्क्रू काढून मॉडेल उघडा आणि पंखाची आतली बाजू पाहा. तिथे रंग नसतो, धातू खोटं बोलत नाही. आतही चिरांचं जाळं असेल, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखं, तर तो रोग आहे आणि त्याला औषध नाही. आत धातू एकसंध, करडा, घट्ट असेल तर हा बाहेरून झालेला गंज आहे. तो थांबवता येतो.

तुमचं वर्णन वाचून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते, आणि त्यात तीन गोष्टी एकत्र आल्यात. पहिली ते शोकेस. नव्या प्लायवूडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहतं आणि त्याचं हवेत फॉर्मिक आम्ल बनतं. ते शिसं आणि जस्त दोन्हींना लागतं. म्हणून संग्रहालयांत धातूच्या वस्तू नव्या प्लायच्या कपाटात बंद करून ठेवत नाहीत. तुम्ही मे महिन्यात कपाट केलंत आणि जूनमध्ये काच लावून टाकलीत. चार महिने ती हवा बाहेर गेलीच नाही. दुसरी गोष्ट पाझरणारी भिंत आणि ओल धरून ठेवणारा स्पंज. तो स्पंज आधी फेका. काही वर्षांनी तो स्वतःच चिकट होऊन विरघळतो आणि रंगाला धरतो.

तिसरी लिहिताना थोडं जड जातंय. बाबांची बोटं जिथे फिरतात तिथेच फोड आलेत. घामात मीठ असतं, आणि जिथे पंख व इंजिनाचा फुगवटा जोडलेत त्या खाचेत ते साठत जातं. वर्षानुवर्षं कोरड्या हवेत त्याने काही केलं नाही. यंदा त्याला ओल आणि आम्ल मिळालं.

डांबरगोळ्याही काढा. त्यांची वाफ पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकला मऊ करते, आणि तुमच्या मॉडेलची काच, चाकं, अँटेना सगळं प्लॅस्टिकच असणार.

म्हापशाचा संग्राहक

धातूबद्दल ताईंनी सांगितलंय, मी फक्त दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. भारतीय खुणा देण्याआधी तुमच्या कॅनबेराची काच पाहा. वैमानिकाच्या डोक्यावर रुंद, गोलसर, बुडबुड्यासारखी काच आहे का? मग ते ब्रिटिशांचं बी-२ किंवा त्याच्या घराण्यातलं आहे. भारताने १९५७ साली कॅनबेरा मागवल्या त्यांतली बॉम्बफेकी विमानं बी-आय ५८ होती, म्हणजे ब्रिटिशांच्या बी-आय ८ चा आपला अवतार. तिची काच लढाऊ विमानासारखी निमुळती आणि मधोमध नसून डावीकडे सरकलेली. वैमानिक डाव्या बाजूला उंचावर, नॅव्हिगेटर पुढे नाकात. समोरून पाहिलं की विमान एका डोळ्याने बघतंय असं वाटतं. तुमच्या मॉडेलवर तिरंगी गोल लावला तरी डाबोळीवर आलेलं विमान होणार नाही, कारण नाकच वेगळं आहे. टेहळणीसाठी घेतलेल्या पीआर-५७ ची काच गोल होती, पण तुम्हाला बॉम्बफेकी हवंय.

शिवाय मूळ रंग एकदा काढला की तो परत येत नाही. कारखान्यात ती बारीक अक्षरं रबरी ठशाने छापलेली असतात, दारावरच्या सूचनासुद्धा भिंगाखाली वाचता येतात. हाताने ते जमत नाही. माझं मत असं की जखमेपुरताच रंग काढा, बाकी विमान जसं आहे तसं ब्रिटिशच राहू द्या, आणि बी-आय ८ चं प्लॅस्टिक किट शोधून त्यावर भारतीय कॅनबेरा करा. प्लॅस्टिक हलकं असतं, हातात तो भार येत नाही, हे खरं. पण नाक बरोबर असेल.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. १८ डिसेंबरला डाबोळीला दोन प्रवासी विमानं अडकली होती, त्यांतलं एक पोर्तुगीज कंपनीचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. फुटलेल्या पट्टीचा उरलेला तुकडा धरून ते रात्री निसटलं. त्याच घराण्यातलं सुपर कॉन्स्टेलेशन, आधी एअर इंडियाचं आणि मग आपल्या नौदलाचं, आज बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. तुमच्या नियमात ते बसतं.

निवृत्त फिटर, वास्को

मी नौदलात विमानांचा फिटर होतो, बराचसा काळ आलिझेवर, म्हणजे पाणबुड्या शोधणाऱ्या विमानावर. मॉडेलातलं मला फार कळत नाही, पण मीठ आणि विमान यांबद्दल कळतं.

विक्रांतवर असताना विमान डेकवर उतरलं की पहिलं काम त्याला गोड्या पाण्याने धुणं. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं, आम्ही अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचो, पण विमानाच्या पाण्याला कुणी कधी हात आखडला नाही. धुतलं की पुसायचं, आणि पुसायचं म्हणजे नुसता वरून बोळा फिरवायचा नाही. आलिझेचे पंख घडी होतात. त्या घडीच्या बिजागऱ्यांत, पत्र्यावर पत्रा चढतो त्या शिवणीत, रिव्हेटच्या डोक्याभोवती कापडाचं टोक घालून ओल काढायची. मग पाणी हाकलणारं तेल. आमचे चीफ सांगायचे, गंज पत्र्याच्या मैदानात बसत नाही, कोपऱ्यात बसतो. पंखाच्या पोटाला पाणी गळायला बारीक भोकं असतात, ती रंगाने बुजली तर पाणी आत साचतं आणि पंख आतून खाल्ला जातो. प्रत्येक भोकातून तार घालून पाहायची माझी सवय अजून जात नाही, घरच्या ग्रिलवरही मी तेच करतो.

बोगमाळोच्या संग्रहालयात वर्षातून एकदा जातो. आमची आलिझे तिथे बाहेर उभी आहे, ऊन-पावसात, समुद्राच्या वाऱ्यात. तुम्ही जाल तेव्हा जवळ जाऊन पाहा, रंग कुठून उचलला जातो ते. शिवणीतून आणि रिव्हेटच्या रांगेतूनच. तुमच्या कॅनबेरालाही जोडावरच फोड आलाय, म्हणून मला तरी हे आतून आलेलं वाटत नाही.

आणि बाबांच्या हातातून ते काढून घेऊ नका, एवढीच विनंती. हात लागला म्हणून विमान खराब होत नाही. हात लागून पुसलं नाही तर होतं. त्यांनी खाली ठेवलं की कोरड्या सुती कापडाने पंखाखालून एक हात फिरवा, जोडात कापडाचं टोक घाला. अर्ध्या मिनिटाचं काम. आम्ही दिवसातून चार वेळा करायचो.

चिखलीचा १:७२

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी उघडलं, त्याचा वृत्तांत.

आधी मापं. व्हर्नियर ऑफिसातल्या वर्कशॉपमधून मागून आणला. टोकापासून चार सेंटीमीटरवर दोन्ही पंख ५.४ मिमी. लांबीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. हात थरथरत होता म्हणून तीनदा मोजलं.

मग स्क्रू. एक स्टँडच्या भोकात, दुसरा मागे चाकांच्या खोबणीत. अर्धी खोळ वर उचलली तेव्हा मी श्वास धरून होतो. आत धातू करडा, स्वच्छ, ओतणीच्या वेळच्या साच्याच्या रेघाही दिसत होत्या. चिरा कुठेही नाहीत. बाबा शेजारी बसले होते. मी म्हटलं, "आतून बरी आसा." त्यांनी आतली बाजू मागून घेतली आणि बोट फिरवलं. बाहेरून मऊ लागणारं विमान आतून इतकं खरखरीत असतं हे त्यांना नवीन होतं. पाच-सात मिनिटं ते तेच करत बसले.

फोडाखालचं टूथपिकने आणि कडक ब्रशने खरवडलं. खाली धातू घट्ट आहे, सुईच्या टोकाएवढे चार-पाच खड्डे. चीर रंगातच होती, धातूत नाही. आणि ताईंचं बरोबर होतं: पंख आणि इंजिनाच्या मधल्या खाचेत मळाची काळपट रेघ होती, केसाएवढी. कापूस डिस्टिल्ड पाण्यात ओला करून ती काढली आणि पंख्याखाली दिवसभर सुकवलं. त्या रेघेत सहा वर्षांच्या संध्याकाळी होत्या. तो कापूस टाकायला माझा हात लवकर उठला नाही.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्रही घेतलं. शोकेसमध्ये ८४ टक्के, मधल्या खोलीत त्याच वेळी ६६. शोकेस भिंतीपासून हलवलंय, काचा उघड्या आहेत, स्पंज आणि डांबरगोळ्या गेल्या. सगळी २३ विमानं सध्या मधल्या खोलीत आजीच्या सागवानी पेटीवर जुन्या सुती साडीवर उभी आहेत. आई म्हणाली माटोळीसारखं (चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीसारखं) दिसतंय.

भारतीय खुणांचा विचार सोडला. काच पाहिली, गोल बुडबुडाच आहे. मी बाबांना विचारलं, तुम्ही पाहिलेल्या विमानाची काच कशी होती. ते म्हणाले, काच कोण बघतो, आम्ही पोट बघितलं. पण म्हापशाच्या दादांनी सांगितल्यावर आता मला चुकीच्या नाकावर तिरंगा लावणं जमणार नाही. किट शोधतोय. काच डावीकडची, हे बाबांच्या बोटांना कळेल.

आता विचारायचं ते असं. खरवडलेल्या जागी थेट रंग लावू का? आणि सिलिका जेल किती ठेवायचं?

फोंड्याची रसायनवाली

वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू.

थेट रंग लावू नका, जस्तावर साधा रंग धरत नाही, वर्षात पापुद्रा निघतो. मोटारी रंगवणाऱ्याकडे एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारं अस्तर, असतं, त्याच्याकडून बाटलीच्या टोपणभर मागून घ्या. अगदी बारीक ब्रशने खड्ड्यांपुरतं लावा, त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊ नका, कड दिसते आणि हाताला लागते, आणि तुमच्या घरात ती लगेच ओळखली जाईल. पूर्ण सुकल्यावर सगळ्या पंखावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर द्या आणि मऊ कापडाने घासून काढा. संग्रहालयात धातूच्या वस्तूंना हेच लावतात. घाम मेणावर राहील, पुसला जाईल. फिटर काकांनी सांगितलेलं कापड रोज हवंच. मेण वर्षातून एकदा.

सिलिका जेल केशरी रंगाचं घ्या, ओल प्यायलं की ते हिरवं पडतं. निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ते नको. तुमच्या शोकेसला अर्धा किलो पुरेल, उघड्या वाटीत नको, सुती पिशव्यांत भरून. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, पुन्हा केशरी होतं. मी मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायला घेते त्याच दिवशी सगळ्या पिशव्या भाजून ठेवते, मिरच्या आणि सोलांबरोबर, म्हणजे विसरत नाही. आणि आर्द्रतेचा आकडा ५० च्या आसपास आला की पुरे, त्याहून खाली नेण्यासाठी धडपडू नका.

शोकेसला आतून रंगाचे हात देऊन, काचा उघड्या ठेवून निदान हिवाळाभर वारा लागू द्या. विमानं शिमग्यानंतर परत आत.

चिखलीचा १:७२

वास्कोच्या पेंटरकडून प्रायमर आणलं. टोपणभर मागितलं तर त्याने छोटी बाटलीच भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत, विमान बघायला आणा म्हणाला.

एक शेवटचं. खोळ उघडताना वैमानिकाची काच सुटली, तिचा जुना डिंक कोरडा पडला होता. घरात सुपरग्लू आहे, लावू का?

निवृत्त फिटर, वास्को

थांबा, सुपरग्लू नको. त्याची वाफ काचेच्या आतून बसते आणि काच कायमची पांढरी होते, माझ्या नातवाच्या किटवर झालंय. साधं पांढरं फेविकॉल, टूथपिकच्या टोकावर, काचेच्या कडेला. सुकलं की दिसत नाही, आणि कधी काढायची वेळ आली तर कोमट पाण्याने सुटतं. एक रात्र तसंच ठेवा, बाबांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्या.